रॉक बँडच्या कॉन्सर्टला जाण्याआधी फक्त 'ग्रेटेस्ट हिट्स' ऐकलं तर चालेल का, की सगळे अल्बम ऐकायला हवेत?

तुम्ही लिहिलंय की आवडत्या बँडचा दौरा जाहीर झालाय, तिकीट काढून झालंय आणि आजवर त्यांचं 'ग्रेटेस्ट हिट्स' तेवढं ऐकलंय. सगळे अल्बम ऐकायची गरज नाही. पण 'ग्रेटेस्ट हिट्स'वरच थांबलात, तर कॉन्सर्टमधले काही सगळ्यात भारी क्षण तुमच्या डोक्यावरून जातील. आजूबाजूचे हजारो लोक एका सुरात गात असतील आणि तुम्हाला त्या गाण्याचा पहिला शब्दही ठाऊक नसेल.

याचं कारण सरळ आहे. कम्पायलेशनमधली, म्हणजे 'ग्रेटेस्ट हिट्स'सारख्या निवडक संग्रहातली, गाणी खपतील म्हणून निवडलेली असतात आणि सेटलिस्टमधली, म्हणजे कॉन्सर्टच्या यादीतली, गाणी वाजवायला मजा येते म्हणून. काही गाणी दोन्हीकडे असतात, पण बरीच नसतात.

क्वीनचंच घ्या. त्यांचं 1981 सालचं 'ग्रेटेस्ट हिट्स' ब्रिटनमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेला अल्बम आहे आणि गाणीही एकाहून एक आहेत. पण त्यात 'लव्ह ऑफ माय लाइफ' नाही. 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' या 1975 च्या अल्बममध्ये ते पियानो आणि हार्पवर आहे, नाजूक, जवळजवळ घरात बसून म्हटल्यासारखं. स्टेजवर त्याचं रूपच पालटलं. गिटारवादक ब्रायन मे बारा तारांची गिटार घेऊन स्टुलावर बसायचा, गायक फ्रेडी मर्क्युरी दोन ओळी म्हणून गप्प व्हायचा आणि पुढचं गाणं लोक म्हणायचे. 'लाइव्ह किलर्स' (1979) या लाइव्ह अल्बममध्ये हे ऐकू येतं. 1981 मध्ये बँड दक्षिण अमेरिकेत गेला, तेव्हा तिथल्या स्टेडियममध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेली माणसं हे गाणं अख्खं म्हणत होती. नंतर गायक अ‍ॅडम लँबर्टसोबतच्या दौऱ्यांतही ब्रायन मे एकटा गिटार घेऊन पुढे यायचा आणि हेच गाणं म्हणायचा. ज्याने फक्त ब्रिटनमधलं ते 'ग्रेटेस्ट हिट्स' ऐकलंय, त्याच्यासाठी कॉन्सर्टमधला सगळ्यात हळवा क्षण अनोळखी राहतो.

उलटंही होतं. लेड झेपेलिनचं 'लिव्हिंग लव्हिंग मेड' रेडिओवर किती वाजलं असेल याला गणतीच नाही, पण बँडचा गिटारवादक जिमी पेज याला ते आवडायचं नाही आणि बँडने ते कधीच कॉन्सर्टमध्ये पूर्ण वाजवलं नाही.

आता कम्पायलेशनबद्दल थोडं सविस्तर, कारण त्यांचेही प्रकार आहेत आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजणं बरोबर नाही.

एक प्रकार रेकॉर्ड कंपनीने काढलेला. यात बँडला काय वाटतं हा प्रश्नच येत नाही. रोलिंग स्टोन्सचं 'हॉट रॉक्स' घ्या. ते 1971 च्या शेवटी आलं, कारण त्यांच्या साठच्या दशकातल्या गाण्यांचे हक्क जुने मॅनेजर अ‍ॅलन क्लाइन यांच्या कंपनीकडे राहिले होते. बँड तोवर स्वतःच्या लेबलवर, म्हणजे स्वतःच्या रेकॉर्ड कंपनीत, निघून गेला होता. त्यामुळे कित्येक वर्षं स्टोन्सचं एकही कम्पायलेशन पूर्ण नव्हतं: एकात साठचं दशक, दुसऱ्यात त्यानंतरचं. दोन्ही काळ एकत्र असलेलं 'फॉर्टी लिक्स' थेट 2002 मध्ये आलं, तेही दौऱ्याच्या जोडीने. गन्स एन' रोझेसच्या बाबतीत तर 2004 च्या 'ग्रेटेस्ट हिट्स'चं प्रकाशन थांबवावं म्हणून गायक अ‍ॅक्सल रोझ आणि तेव्हा बँड सोडून गेलेले स्लॅश आणि डफ मकेगन कोर्टात गेले होते. एरवी त्या काळात एकमेकांचं तोंड न पाहणारी ही माणसं एवढ्या एका मुद्द्यावर एकत्र आली. कोर्टाने ऐकलं नाही, अल्बम आला आणि धो धो खपला.

काही वेळा नुसता काळच आडवा येतो. ईगल्सचं 'देअर ग्रेटेस्ट हिट्स 1971-1975' हा अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेला अल्बम. 2018 मध्ये त्याला 38 वेळा प्लॅटिनमचं (एक प्लॅटिनम म्हणजे दहा लाखांचा खप) प्रमाणपत्र मिळालं. पण तो आला फेब्रुवारी 1976 मध्ये आणि 'हॉटेल कॅलिफोर्निया' आलं त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये. म्हणजे ज्या गाण्याने हा बँड जगभर ओळखला जातो, तेच त्यांच्या सगळ्यात खपाऊ संग्रहात नाही. म्हणून तुमच्याकडच्या कम्पायलेशनचं साल आधी बघा. त्यानंतर बँडने काय काय केलं, ते सगळं त्याच्या बाहेर आहे.

दुसरा प्रकार मला मनापासून आवडतो: अल्बममध्ये कधी न आलेली गाणी गोळा केलेला. बीटल्सचं 'हे ज्यूड' किंवा 'पेपरबॅक रायटर' ब्रिटनमध्ये त्यांच्या कुठल्याही स्टुडिओ अल्बमवर नव्हतं, ती फक्त सिंगल म्हणून, म्हणजे छोट्या रेकॉर्डवर सुटी, निघाली. अशी इकडेतिकडे पांगलेली गाणी 1988 च्या 'पास्ट मास्टर्स'मध्ये एकत्र आली. निर्वाणाचं 'इन्सेस्टिसाइड' (1992) आणि ओएसिसचं 'द मास्टरप्लॅन' (1998) याच जातीचे. ओएसिसचा नोएल गॅलाघर एके काळी सिंगलच्या मागच्या बाजूला अशी गाणी टाकायचा की दुसऱ्या एखाद्या बँडने त्यांच्यावर अख्खं करिअर काढलं असतं. 2025 मध्ये ते सोळा वर्षांनी पुन्हा एकत्र आले, जुलैमध्ये कार्डिफला पहिला शो झाला, आणि दुसरंच गाणं होतं 'अ‍ॅक्विएस'. हे 1995 च्या एका सिंगलची बी-साइड, म्हणजे मागची बाजू! पुढे त्याच सेटमध्ये 'हाफ द वर्ल्ड अवे', 'टॉक टुनाइट' आणि 'द मास्टरप्लॅन'ही होती, सगळी बी-साइड्स. तुमच्या बँडचा असा एखादा संग्रह असेल, तर 'ग्रेटेस्ट हिट्स'आधी तो ऐका. जुने चाहते ज्या गाण्यांवर जीव टाकतात, ती तिथे सापडतात.

शिवाय कम्पायलेशनमध्ये एखादं नवं गाणं टाकायची जुनी युक्ती आहे, म्हणजे सगळं आधीच घेतलेल्या चाहत्यालाही ते पुन्हा घ्यावं लागतं. मला याचा राग यायला हवा, पण टॉम पेटीच्या 1993 च्या 'ग्रेटेस्ट हिट्स'साठी बनलेलं 'मेरी जेन्स लास्ट डान्स' ऐकलं की राग टिकत नाही. इतकं अस्सल गाणं केवळ असं एक निमित्त होतं म्हणून जन्माला आलं.

आता अल्बमकडे येतो, कारण माझा खरा आग्रह इथे आहे.

गाण्यांचा क्रम बदलला की गाणं बदलतं. 'लेड झेपेलिन टू' या 1969 च्या अल्बमच्या दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं 'हार्टब्रेकर'. ते संपत नाही, मध्येच तुटतं, आणि श्वास घ्यायच्या आत पुढचं 'लिव्हिंग लव्हिंग मेड' सुरू होतं. ज्याने ही बाजू ऐकलीय त्याच्या कानात ही दोन गाणी जोडलेलीच असतात. 'मदरशिप' या 2007 च्या संग्रहात 'हार्टब्रेकर'नंतर येतं 'इमिग्रंट साँग'. तेही जबरदस्तच आहे, वाद नाही. पण तो तुटलेला शेवट तिथे नुसताच लोंबकळतो.

पिंक फ्लॉइडचं तर विचारूच नका. 'एकोज' या 2001 च्या कम्पायलेशनमध्ये गाणी एकमेकांत मिसळून छान जोडलीत, मेहनत दिसते. पण ज्या गाण्यावरून त्या संग्रहाला नाव दिलं, ते साडेतेवीस मिनिटांचं 'एकोज' त्यात साडेसोळा मिनिटांचं झालंय. मधली ती लांबच लांब, वाऱ्यासारखी घोंगावणारी जागा बरीच छाटली गेली. त्या जागेत अडकून राहिल्यामुळेच तर नंतर परत येणाऱ्या सुरांनी अंगावर काटा येतो.

एसी/डीसीने या बाबतीत फार चांगली भूमिका घेतली. इतकी हिट गाणी असून त्यांनी रीतसर 'ग्रेटेस्ट हिट्स' कधी काढलंच नाही, आणि एकेक गाणं सुटं विकायचं नाही म्हणून नोव्हेंबर 2012 पर्यंत ते आयट्यून्सवरही नव्हते. मेटॅलिकाचंही 'बेस्ट ऑफ' नाही. अशा बँडच्या शोला जाणाऱ्याला आडवाटच नसते, अल्बम ऐकावेच लागतात. ते बरंच आहे.

तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा भाग म्हणजे दौरा कशाचा आहे ते नीट वाचणं. जाहिरातीतल्या दोन ओळींत बहुतेक सगळं लिहिलेलं असतं. आयर्न मेडन याबाबतीत अगदी शिस्तीचे. 2006 मध्ये त्यांनी नवा कोरा अल्बम 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवला. जुनी गाणी ऐकायला आलेल्या काही लोकांनी कुरकुर केली, पण मला ते धाडस फार आवडतं. उलट 2025 मध्ये सुरू झालेला पन्नाशीचा 'रन फॉर युअर लाइव्ह्ज' दौरा पहिल्या नऊ अल्बमपुरताच आहे. तिथे जाणाऱ्याने 1992 नंतरचं काही नाही ऐकलं तरी चालेल. मेटॅलिकाच्या 2023 पासूनच्या 'एम 72' दौऱ्यात बहुतेक शहरांत दोन रात्री होत्या आणि दोन्ही रात्री एकही गाणं सारखं नव्हतं. एकाच रात्रीचं तिकीट असलेल्याला दुसऱ्या रात्रीची आवडती गाणी मिळणारच नव्हती, हे आधी कळलेलं बरं. रशच्या 2015 च्या 'आर 40' दौऱ्यात गाणी नव्याकडून जुन्याकडे उलटी वाजत गेली. सोबत कामगार मंडळी शो चालू असतानाच स्टेजवरचं सामान बदलत, काढत होती, आणि शेवटी शाळेच्या हॉलमध्ये खुर्चीवर ठेवलेला गिटारचा अ‍ॅम्प (आवाज वाढवणारा खोका) असावा इतकंच उरलं होतं. ड्रमर नील पर्ट 2020 मध्ये गेला, तेव्हा हा बँड संपला असं मी धरून चाललो होतो. आता 2026 साठी बँडमधले उरलेले दोघे, गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसन, यांनी ड्रमर अनिका निलेससोबत दौरा जाहीर केलाय. ती पर्टची नक्कल न करता त्या जागांवर काय वाजवते, हे ऐकायची मला जबरदस्त उत्सुकता आहे.

जुन्या काळी दौरा अल्बमच्या आधीही असायचा. 'द डार्क साइड ऑफ द मून' मार्च 1973 मध्ये आला, पण फ्लॉइडने जानेवारी 1972 मध्येच ब्रायटनला ते वाजवायला सुरुवात केली होती. तेव्हा 'ऑन द रन'च्या जागी गिटार-कीबोर्डचा जॅम, म्हणजे सुचेल तसं वाजवणं, होता आणि 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये गायिका क्लेअर टोरीचा तो आवाज नव्हताच. वर्षभर लोकांसमोर वाजवून वाजवून अल्बम घडला. एखादा बँड दौऱ्यात अप्रकाशित गाणं वाजवत असेल, तर तेव्हा पाणी प्यायला जाऊ नका.

मग नक्की काय ऐकायचं? दौरा ज्या अल्बमसाठी आहे तो दोन-तीनदा, शफल बंद करून. मग चाहते एकमताने ज्याला सर्वोत्तम म्हणतात असा एक जुना अल्बम, तोही सलग. आणि एक लाइव्ह अल्बम, हा तर सोडूच नका. डीप पर्पलचं 'स्पेस ट्रकिन'' स्टुडिओत साडेचार मिनिटांचं आहे. 'मेड इन जपान'मध्ये, म्हणजे 1972 च्या ऑगस्टमध्ये ओसाका आणि टोकियोला रेकॉर्ड झालेल्या अल्बममध्ये, ते वीस मिनिटांच्या आसपास जातं आणि दोन तबकड्यांच्या रेकॉर्डची अख्खी चौथी बाजू खातं. गाणं स्टेजवर किती ताणलं जातं, कुठे थांबतं, लोक कुठे ओरडतात, हे फक्त तिथे कळतं. बँडचा अलीकडचा लाइव्ह अल्बम मिळाला तर आणखी चांगलं, कारण वय वाढलं की बरेच गायक गाणी खालच्या पट्टीत घेतात. आधी ऐकलेलं असलं की पहिल्या गाण्याला दचकायला होत नाही.

'सेटलिस्ट डॉट एफएम' या वेबसाइटवर आधीच्या शोची यादी बघायची की नाही, यावर चाहत्यांमध्ये दोन तट आहेत. मी बघतो, पण फक्त कुठल्या अल्बममधली किती गाणी आहेत एवढंच. क्रम बघत नाही, आणि शेवटचं गाणं तर मुळीच नाही. पर्ल जॅमसारखा बँड असेल तर तसंही बघून उपयोग नाही, ते दर रात्री यादी बदलतात. त्यांनी 2000 च्या दौऱ्यातले जवळजवळ सगळे शो वेगवेगळे अल्बम म्हणून काढले होते, ते उगीच नाही.

तुमचा बँड कोणता आणि दौऱ्याचं नाव काय, हे प्रतिक्रियेत लिहा. मला माहीत असलेला बँड असेल तर कुठला लाइव्ह अल्बम घ्यायचा ते नेमकं सांगतो.