मुलगी एकटीच डॉक्टरांकडे गेली तर?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलगी पंधरा वर्षांची आहे. पाळीत पोट फार दुखतं म्हणून शाळेतून परस्पर जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांकडे, जाऊन आली आणि त्यांनी तिला चक्क गर्भनिरोधक गोळ्या दिल्या. मला पाकीट कपाटात सापडलं. त्यांच्या दवाखान्यात फोन केला, तर तिच्या संमतीशिवाय काही सांगता येणार नाही म्हणाले. मी आई आहे! तक्रार करू का?

उत्तर : करू शकता, पण हाती फारसं काही लागणार नाही. असाच वाद व्हिक्टोरिया गिलिक या आईने थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, नेला होता. 1985 मध्ये ती तीन विरुद्ध दोन मतांनी हरली. तेव्हापासून इंग्लंडमध्ये सोळाच्या आतल्या मुलाला उपचार नीट समजत असेल, तर त्याची स्वतःची संमती पुरते. समज त्या-त्या उपचारापुरती पाहतात. गोळ्यांचं कळणारी मुलगी मोठ्या शस्त्रक्रियेबद्दल ठरवू शकेलच असं नाही. सोळा पूर्ण झाल्यावर तर 1969 च्या कायद्यानेच तिची संमती मोठ्या माणसाइतकी ग्राह्य धरली जाते.

याचा अर्थ मुलांना मोकळं रान, असा मात्र नाही. नकाराचं गणित वेगळं आहे. जीव वाचवणारे उपचार मुलाने नाकारले तर कोर्ट तो नकार बाजूला ठेवू शकतं. मुलाला गंभीर धोका दिसला तर डॉक्टरही गप्प बसत नाहीत. शिवाय असल्या गोळ्या देताना ‘आईबाबांना सांग’ असं मुलीला समजावणं डॉक्टरांकडून अपेक्षितच असतं. तिने सांगितलं नाही, एवढंच.

का नाही सांगितलं, हे तुमच्या पत्रातल्या ‘चक्क’मध्ये दिसतं. या गोळ्या पाळीच्या दुखण्यावर सर्रास देतात. त्यावरून मुलीचं काही ‘चाललंय’ असा निष्कर्ष काढू नका. आपल्याकडे फॅमिली डॉक्टर मुलीला तपासतात आणि बोलतात तिच्या बाबांशी, त्यामुळे तिथली सवय लागलेल्यांना हे झोंबतं, हे मला कळतं. तरी दुखणं घेऊन ती मैत्रिणीकडे किंवा इंटरनेटवर न जाता डॉक्टरांकडे गेली. माझ्या मते हे तुमच्याच वळणाचं फळ आहे.

आता कपाट उघडल्याचं तिला सरळ सांगा, उलटतपासणी नको. आणि एक काम तुम्हीच करू शकता. गोळीत इस्ट्रोजेन हे हार्मोन असेल, तर जवळच्या नात्यात कुणाला पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का, हे डॉक्टरांना कळायला हवं. आजीचे, मावशीचे आजार पंधरा वर्षांच्या मुलीला कुठून ठाऊक असणार? तुम्हाला आठवतं ते तिला सांगा. डोळ्यांपुढे चमकून मग अर्धशिशी उठते का, तेही विचारा. उठत असेल तर तिने जीपीला लगेच कळवायला हवं. तुम्ही सोबत यायचं की नाही, ते तिला ठरवू द्या.