पालिकेला कर्ज द्यायचं, तर आधी हिशेब मागा

नेरूळच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 61, खासगी नोकरीतून निवृत्त, पेन्शन नाही, घर स्वतःचं. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून 40 लाख हाताशी आहेत आणि महिन्याला वीस हजार तरी यायला हवेत. ब्रोकरने एका महापालिकेचे बाँड, म्हणजे पालिकेला दिलेल्या कर्जाचे रोखे, सुचवले आहेत. त्या विचारतात, ‘यात 15 लाख घालू का? की ठाणे किंवा नवी मुंबई पालिकेचे निघेपर्यंत थांबू? सरकारीच आहेत, शिवाय पैसा शहराच्या कामी येईल.’

ताई, 15 लाख नकोत. आधी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची 30 लाखांची मर्यादा पूर्ण भरा. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500 रुपये येतील, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. तुमची गरज तिथेच भागते. उरलेल्या दहातले सात लाख दुखण्याखुपण्यासाठी एफडीत ठेवा. बाँडमध्ये फार तर तीन लाख, तेही एकाच पालिकेत सगळे नकोत. हे बाँड शेअर बाजारात नोंदलेले असतात खरे, पण विकायला गेलात की त्या दिवशी गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. व्याजावर करही लागतो.

आता ‘सरकारीच आहेत’ याबद्दल. पालिकेचं कर्ज म्हणजे राज्य सरकारचं कर्ज नव्हे. राज्याने हमी लिहून दिली असेल तरच ती असते. अहमदाबादने 1998 मध्ये अशा हमीशिवाय 100 कोटी उभे केले होते. मग भरवसा कशाचा? बहुतेक वेळा एस्क्रो खात्याचा. तुम्ही भरता तो मालमत्ता कर आधी या खात्यात जमा होतो, तिथून व्याज आणि मुद्दलाचा हप्ता बाजूला निघतो आणि उरलेलं पालिकेच्या हाती येतं. गुंतवणूकदाराला ही सोय उत्तम. पण उद्या नवी मुंबईने बाँड काढले, तर तुम्हाला मिळणारं व्याज तुमच्याच इमारतीच्या करातून येईल आणि रस्ते, दवाखाने यांच्यासाठी त्यानंतरचं उरेल. म्हणून ‘माझे पैसे परत येतील का’ आणि ‘शहराने ते नीट वापरले का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ब्रोकर फक्त पहिल्याचं उत्तर देतो.

पुण्याचं उदाहरण बघा. पुणे महापालिकेने जून 2017 मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी 7.59 टक्क्यांनी 200 कोटींचे बाँड काढले. पुढे निविदा रद्द होऊन नव्याने काढाव्या लागल्या आणि तोवर पैसा बँकेत ठेवीत राहिला. बाँडधारकांना व्याज मिळत राहिलं. बिनकामाच्या कर्जाचं ते व्याज भरलं पुणेकरांनी. मला हे फार लागतं, कारण कर्ज काढायच्या आधी कार्यादेश तयार आहे का, एवढं विचारणारं कोणी तरी असायला हवं होतं.

आपल्याकडे तर विचारणारेच, म्हणजे निवडून आलेले नगरसेवक, बरीच वर्षं नव्हते. नवी मुंबईत 2020 पासून आणि ठाण्यात 2022 पासून अनेक अंदाजपत्रकं प्रशासकांनीच मांडली आणि त्यांनीच मंजूर केली. स्थायी समितीत खडाजंगी होते तेव्हा निदान आकडे बाहेर येतात.

त्यामुळे आपल्या पालिकेचे बाँड निघाले, तर आपुलकीने अर्ज भरू नका. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या 2015 च्या नियमांमुळे माहितीपत्रक द्यावंच लागतं. त्यात मालमत्ता कराची मागणी, वसुली आणि थकबाकी बघा. ठेकेदारांची न दिलेली बिलं, म्हणजे दायित्व, किती ते बघा. जीएसटीपोटी राज्याकडून येणाऱ्या अनुदानावर पालिका किती अवलंबून आहे तेही बघा. आणि काम मोजता येण्यासारखं आहे का? इंदूरने 2023 मध्ये जाहीर विक्रीतून 244 कोटी घेतले ते जलूदच्या सौर प्रकल्पासाठी, नर्मदेचं पाणी उपसण्याचं वीजबिल कमी व्हावं म्हणून. तिथे वीजबिल उतरलं का, असं थेट विचारता येतं. ‘शहर विकास’ असं मोघम लिहिलं असेल, तर पैसे देऊ नका.

थांबून राहायची मात्र गरज नाही. ब्रोकरने सुचवलेल्या बाँडचं माहितीपत्रक, ताजं पतमानांकन आणि बाँडधारकांच्या वतीने लक्ष ठेवणाऱ्या डिबेंचर ट्रस्टीचा शेवटचा अहवाल मागवा. कूपन दर, म्हणजे बाँडवर ठरलेलं व्याज, तो सांगेलच; तुम्ही आजच्या भावाने हाती किती टक्के पडतात ते लेखी घ्या. कागद आले नाहीत, तर हे तीन लाखही एफडीतच टाका.