कोविडनंतर थकवा जातच नाही, टीएसएच (थायरॉइडची नेहमीची रक्ततपासणी) नॉर्मल आहे. पिट्यूटरी, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली, बाकी हार्मोन ग्रंथींना हुकूम देणारी ग्रंथी, बिघडली असेल का? हार्मोन्सचं पूर्ण पॅकेज करून घ्यावं का?

पॅकेज करू नका. त्यापेक्षा सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान कॉर्टिसॉलसाठी (शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड) रक्त द्या आणि त्याच रक्तात फ्री टी४ (थायरॉइडचं हार्मोन) आणि सोडियम बघा.

त्याही आधी एक हिशोब करा: कोविडमध्ये स्टिरॉइड किती दिवस घेतलं? जुनी चिठ्ठी शोधून काढा. २०२० च्या ‘रिकव्हरी’ या कोविडच्या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिलं होतं आणि फायदा झाला तो ऑक्सिजन लागलेल्यांना. दुसऱ्या लाटेत आपल्याकडे ऑक्सिजन ९८ असलेल्यांनाही तापाच्या दुसऱ्या दिवसापासून स्टिरॉइड सुरू झालं आणि काहींचं आठवडेच्या आठवडे थांबलं नाही. ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे साधारण ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (दुसरं नेहमीचं स्टिरॉइड). शरीराची रोजची गरज जेमतेम ५ ची. एवढं बाहेरून मिळाल्यावर पिट्यूटरी एसीटीएच (कॉर्टिसॉल बनवायचा हुकूम देणारं हार्मोन) सोडणं थांबवते आणि कॉर्टिसॉल बनवणाऱ्या, मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी आक्रसतात. १० दिवसांत हे सहसा होत नाही. तीन-चार आठवडे झाले आणि गोळी एकदम बंद केली, तर मळमळ, भूक मरणं, वजन उतरणं, उभं राहिलं की चक्कर, सोडियम कमी, हे सगळं दिसू शकतं. त्यालाच ‘कोविडचा अशक्तपणा’ म्हणून टॉनिक लिहून दिलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. दम्याचा पंप, गुडघ्यातलं इंजेक्शन, सांधेदुखीच्या बेनामी पुड्या, हेही या हिशोबात धरा.

कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर कमतरता जवळजवळ नक्की. १५ च्या वर असेल तर बहुधा चिंता नाही. मधल्या आकड्याला २५० मायक्रोग्रॅम सिनॅक्थेन (कृत्रिम एसीटीएचचं इंजेक्शन) देऊन ३० आणि ६० मिनिटांनी पुन्हा मोजतात. पिट्यूटरीला इजा होऊन चार-सहा आठवडेही झाले नसतील तर ही चाचणी खोटी नॉर्मल येते, कारण ॲड्रिनल अजून आक्रसलेल्या नसतात. प्रेडनिसोलोन चालू असताना आकडा खोटा वाढतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही वाढतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन दिवस आधी बंद करा. संध्याकाळी दिलेल्या नमुन्यावरून इथे काहीच ठरत नाही.

‘टीएसएच नॉर्मल म्हणजे थायरॉइड उत्तम’ या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. टीएसएच पिट्यूटरीच बनवते. तीच मंदावली तर फ्री टी४ खाली जातं आणि टीएसएच नॉर्मलच्या रकान्यात बसून राहतं. त्यावर कॉर्टिसॉल न बघता थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) सुरू केलं तर उरलंसुरलं कॉर्टिसॉल आणखी वेगाने संपतं आणि माणूस रक्तदाब कोसळून आयसीयूत जातो. आधी कॉर्टिसॉल, मग थायरॉक्सिन. यात मी तडजोड करत नाही.

आता विषाणूचं. २००३ च्या सार्सनंतर सिंगापूरमध्ये ६१ रुग्ण तपासले, त्यांतल्या सुमारे ४० टक्क्यांचं कॉर्टिसॉल कमी होतं. त्यांतले बरेचसे वर्षभरात सुधारले. कोविडनंतर लंडनमध्ये ७० जणांची चाचणी किमान तीन महिन्यांनी झाली, सगळ्यांची ॲड्रिनल शाबूत निघाली. २०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासात लाँग कोविडवाल्यांचं कॉर्टिसॉल निरोगी लोकांच्या जवळपास निम्मं होतं, पण नंतरच्या तपासणीत तो फरक दिसला नाही. म्हणून थकव्याला थेट पिट्यूटरी चिकटवू नका. पिट्यूटरीचा दाह किंवा तिच्यात रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत, पण तुरळक. आजारपणात टी३ (थायरॉइडचं दुसरं हार्मोन) आणि पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन खाली जातं ते बहुतेकदा आपोआप वर येतं. लगेच टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेऊ नका.

एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. पण अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या आणि बाजूचं दिसेनासं होणं किंवा एकाचं दोन दिसणं असं झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दिवसाला पाच-सहा लिटर लघवी आणि रात्रभर तहान लागत असेल तर साखरेबरोबर रक्तातलं सोडियम आणि लघवीची ऑस्मोलॅलिटी (लघवी किती दाट आहे ते) मागा. आणि स्टिरॉइड अजून चालू असेल तर हे वाचून स्वतःहून बंद करू नका. तपासणीसाठी किती तास थांबवायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.