क्योटोचे घर खानापुरात

प्रश्न : लघुपटासाठी क्योटोतल्या घराचा सेट खानापुरात उभारतोय. जपानी कलादिग्दर्शक घ्यावाच का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : सुतारकाम तुमच्याकडे उत्तमच होईल, पण आराखडा तिकडच्या माणसाकडून घ्या, तोही लाकूड कापण्याआधी. क्योटोकडची तातामी, म्हणजे खोलीची जमीन पूर्ण झाकणारी जाड चटई, साधारण 191 बाय 95.5 सेंमी, तोक्योकडची 176 बाय 88. खोलीचे माप चटयांवरून ठरते. आधी भिंती उभ्या केल्या की चटया कापाव्या लागतात, आणि ते कॅमेऱ्यात लगेच खटकते. चार चटयांचे कोपरे एका ठिकाणी जुळवू नका, ती मांडणी अशुभ मानतात. शोजीचा, म्हणजे लाकडी जाळीच्या सरकत्या दाराचा, कागद बाहेरच्या बाजूने चिकटवायचा, जाळी आत दिसली पाहिजे. खानापूरच्या पावसात तो सैल पडतो, म्हणून चित्रीकरणासाठी डिसेंबर धरा. मानधनाच्या करारात फोटोंवरून दोनदा तपासणी लिहून घ्या: चौकटी उभ्या राहिल्यावर आणि सामान मांडल्यावर.