राजकारणात मवाळ भूमिका घेणं म्हणजे कणा नसणं, असं नाही का?

नाही. मवाळ माणसालाही ठाम मतं असतात. फक्त आज हरलेला उद्या सत्तेत येऊ शकतो, हे धरून तो वागतो. लोकशाही याच भरवशावर चालते. तो उडाला की काय होतं ते जर्मनीत दिसलं. जुलै १९३२ च्या निवडणुकीत ६०८ पैकी २३० जागा नाझींना आणि ८९ कम्युनिस्टांना मिळाल्या. दोघं एकमेकांचे हाडवैरी, पण बेरीज बहुमताच्या वर! मधल्या पक्षांना बहुमताचं सरकार बनवणंच अशक्य झालं आणि पुढच्या जानेवारीत हिटलर चान्सलर झाला. उलट स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोनंतर, १९७७ मध्ये पक्षावरची बंदी उठताच कम्युनिस्टांनी राजेशाही आणि तिचा झेंडा दोन्ही पत्करले (जुन्या कार्यकर्त्यांना ते किती झोंबलं असेल!), आणि १९७८ च्या राज्यघटनेचा मसुदा डाव्या-उजव्यांनी एकत्र बसून केला. मात्र मधला मार्ग दर वेळी बरोबरच असतो असं नाही. अमेरिकेतली १८२० ची मिसुरी तडजोड गुलामगिरी कुठल्या राज्यात चालेल आणि कुठे नाही, यावर झाली. ज्यांना गुलाम केलं होतं, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.