आपला फाऊल आपण सांगायचा

बाबा रे,

तुझा रात्री अकराचा मेसेज वाचला. कॉलेजची बास्केटबॉलची मॅच, शेवटची दोन मिनिटं, बॉल तुझ्या बोटाला लागून बाहेर गेला, रेफ्रीनं तो तुम्हालाच दिला आणि तू म्हणालास, ‘सर, माझा टच.’ कोचनं तिथल्या तिथे बाहेर बसवलं. मॅच गेली आणि परतीच्या लोकलमध्ये टीममधलं कुणी तुझ्याशी बोललं नाही. आता तू विचारतोस, ही गल्लीतली सवय मोडू का?

नाही. मोडायची नाही. पत्र इथेच संपवलं असतं, पण तू एवढ्यावर ऐकणाऱ्यांतला नाहीस.

कोच म्हणाले म्हणे, उघड्या कोर्टवर वाढलेल्या पोरांना शिस्त नसते. शिस्त नसते? नागपाड्यातली संध्याकाळ आठव. घड्याळ नाही, स्कोअरर नाही, शिट्टी नाही. कडेला दोन-तीन टीम ‘नेक्स्ट आमची’ म्हणून उभ्या. हरला तो बाहेर, आणि एकदा बाहेर पडला की अंधार पडेपर्यंत पुन्हा नंबर लागेलच याचा भरवसा नाही. म्हणजे प्रत्येक कॉलला (फाऊल कुणाचा, बॉल कुणाचा, हे सांगताना) खोटं बोलायला प्रत्येकाकडे सज्जड कारण. तरी गेम पुढे सरकतो. कशाच्या जोरावर? दहातले सात-आठजण आपला फाऊल आपण सांगतात म्हणून. उरलेले दोघे-तिघे त्यांच्या जिवावर खेळून घेतात. असे सगळीकडेच असतात, त्यांचं सोड.

आमच्या वेळी रिंगला जाळी टिकायची नाही. नवी लावली की चार दिवसांत गायब, नाहीतर फाटून एका हुकाला लोंबणारी. जाळी नसली की काय होतं, तुला ठाऊक नसेल. कडेला उभं राहून बघणाऱ्याला कळतच नाही, बॉल रिंगमधून खाली आला की रिंगच्या जरा पुढून. स्वच्छ बास्केट आणि एअरबॉल, दोन्हींचा आवाज सारखाच, म्हणजे नाहीच. खात्रीनं कळतं ते रिंगखाली मान वर करून उभ्या असलेल्याला, आणि तो बहुतेक वेळा डिफेन्सचा असतो. त्यानं म्हणायचं, ‘गेला.’ स्वतःच्या टीमविरुद्ध. म्हणायचं आणि बॉल उचलून मुकाट्यानं चेकला, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करायला, द्यायचा. त्या एका ‘गेला’वरून मी माणसं ओळखायला शिकलो, आणि पुढे व्यवहारात तेवढंच ज्ञान उपयोगी पडलं. पदवी नाही पडली.

या कोर्टांना कुणी कमी लेखलं की माझं डोकं फिरतं. १९२०च्या दशकात अमेरिकन मराठी मिशननं नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केलं. आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे पहिले वर्ग १९३६ साली तिथेच भरले. कामगार, कारागीर, फेरीवाल्यांची वस्ती, आणि तिथल्या पोरांच्या हातात बास्केटबॉल. त्याच मोहल्ल्यातले अब्बास मुंतसिर भारताचे कप्तान झाले, त्यांना १९७०चा अर्जुन पुरस्कार मिळाला. तिथे कोचही होते आणि शिट्ट्याही होत्या, ते मी नाकारत नाही. पण कोच घरी गेल्यावर रात्रीपर्यंत जो खेळ चालायचा, तो कोण चालवत होतं?

तुम्ही पोरं हार्लेमच्या रकर पार्कच्या रील बघता. होलकोम रकर हा न्यूयॉर्कच्या उद्यान खात्यातला माणूस. गल्लीतल्या पोरांसाठी त्यानं १९५० साली स्पर्धा सुरू केली, १९६५ मध्ये ऐन उमेदीत वारला, १९७४ मध्ये मैदानाला त्याचं नाव दिलं गेलं. २०११ साली एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, बंद पडलेली असताना तिथला स्टार केविन ड्युरंटनं तिथे येऊन ६६ पॉइंट केले, तेवढं तुम्हाला पाठ. मला त्या ६६चं कौतुक नाही असं नाही. पण स्पर्धा नसते त्या दिवशी, बघायला कुणी नसताना, तीच पोरं आपसात कॉल देत खेळतात. रस्त्यावरचा बास्केटबॉल म्हणजे ते. डंक आणि बूट नंतर.

आणि हा खेळ आता ऑलिम्पिकला गेला आहे, हे तुझ्या कोचना सांग. २०२१ साली टोकियोत थ्री बाय थ्री, म्हणजे तिघांविरुद्ध तिघे, पहिल्यांदा आलं. अर्धं कोर्ट, एक रिंग, दहा मिनिटं किंवा २१ पॉइंट. रेफ्री होते, मान्य. पण कोचला मैदानावर जागा नव्हती. टाइमआउट कधी घ्यायचा, बदली कधी करायची, सगळं खेळणाऱ्यांनीच ठरवायचं. (अमेरिकेचा पुरुष संघ पात्रसुद्धा ठरला नाही आणि सोनं लाटव्हियानं नेलं, हे मला मनापासून आवडलं.)

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात आहे: काका, तुम्हाला काय मिळालं? तर ऐक. एका सरकारी टीमच्या ट्रायलला मीही असाच आपला फाऊल सांगायला हात वर केला होता. निवड झाली नाही. त्या काळी स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी म्हणजे क्वार्टर आणि पेन्शन. मी मग औषधांच्या घाऊक दुकानात बिलं फाडत आयुष्य काढलं. घरी अजून म्हणतात, ‘त्या एका हातापायी.’ चूक! माझा डावा हात कच्चा होता, आणि ते निवड समितीला पहिल्या पाच मिनिटांत दिसलं होतं. हात वर केला नसता तरी घेतलं नसतं. बहुतेक. त्या क्वार्टर्सवरून बस जाते तेव्हा वाईट वाटतं का? वाटतं. पण आज पुन्हा तिथे उभं केलं तरी हात वर जाईल, कारण तो मी विचार करून केलेला नव्हताच. विचार करायला लागलास की संपलं. मग माणूस आधी स्कोअर बघतो, मग रेफ्रीकडे बघतो, आणि हात खालीच राहतो.

म्हणून सांगतो, आपला फाऊल आपण सांगायचा आणि लगेच सांगायचा. सांगून झाल्यावर कोचकडे बघायचं नाही, मित्रांना नीतिपाठ द्यायचे नाहीत. त्यांनी नाही सांगितला तर तो त्यांचा प्रश्न. आणि असा डिफेन्स कर की तुला बाहेर बसवणं कोचना परवडू नये. दमलास की तू पायांऐवजी हात घालतोस, मी पाहिलंय. फाऊल सांगणं चांगलं, पण मुळात दर गेमला चार-चार सांगायला लागतात ते का? तिथे माझ्याकडून सहानुभूती मिळणार नाही.

कोच माणूस वाईट नाही. त्यांना कप हवाय, वर उत्तर द्यायचं असतं. सोमवारी वेळेवर प्रॅक्टिसला जा, माफी मागू नकोस, वादही घालू नकोस. सीझन आहे म्हणून उघड्या कोर्टवर येणं मात्र बंद करायचं नाही. रविवारी सहाला ये. पाऊस पडला असेल तर वायपर आमच्याकडे आहे, हवेचा पंप तू आण. आणि हे पत्र कोचना दाखवलंस तरी माझी हरकत नाही.

तुझा,
काका