आयरिश पाइप्सवरच्या संथ चाली वाजवायला मूळ गेलिक (आयरिश भाषेतली) गाणी यायलाच हवीत का?

हवीत. स्वरलिपी बघून जिग आणि रील या नाचाच्या जलद चाली वाजतील, संथ चाल नाही. तुम्ही पुढे विचारलंय, "शब्द कुणाला कळतच नसतील तर फरक काय पडतो?" डब्लिनमधला माझा एक मराठी मित्र शब्दशः हेच विचारतो आणि आमची दर वेळी जुंपते, म्हणून लिहायला बसलो.

मित्र इलन पाइप्स, म्हणजे हेच आयरिश पाइप्स, वाजवतो. हात तयार आहे, त्याबद्दल वादच नाही. उजव्या कोपराने भाता, डाव्या काखेत पिशवी, मधूनच मनगटाने रेग्युलेटर, म्हणजे साथीच्या नळ्यांच्या चाव्या, दाबून साथ, सगळं लीलया. एका सहकाऱ्याच्या साखरपुड्यात त्याने 'अन बुअखल कील दुव' वाजवलं, म्हणजे सावळा सडपातळ पोरगा. आधी छोटंसं भाषणही ठोकलं की ही एका मुलीने प्रियकराला घातलेली साद आहे. आयर्लंडच्या क्लेअर परगण्याकडचे एक आजोबा खो खो हसायला लागले. अरे, तो पोरगा म्हणजे दारू! गाण्यातला माणूस कपडे घ्यायला जत्रेत जातो, विसाराचे पैसे हातात, आणि हा सावळा येऊन त्याला खेटून बसतो, नाजूक हात त्याच्या हातात सरकवतो. मग कसली शुद्ध! पुढे महिनोन्महिने देणी फेडायची. आजोबांनी ते कडवं म्हणून दाखवलं. हात सरकवायच्या ओळीला त्यांनी आवाज इतका खाली आणला की ते जवळजवळ बोललेच. माझ्या मित्राने नेमकी तिथेच लांबलचक मुरकी घेतली होती.

एवढं होऊनही त्याचं म्हणणं, "चाल ती चाल." जुन्या चाली गोळा करणाऱ्या एडवर्ड बंटिंगचंही तेच झालं. १७९२ च्या बेलफास्टच्या हार्प मेळाव्यात त्याने चाली टिपल्या आणि १७९६ मध्ये शब्दांशिवाय छापल्या. मग १८०२ मध्ये पॅट्रिक लिंचला पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनाक्टमध्ये शब्द गोळा करायला पाठवलं आणि १८०९ च्या पुस्तकात ते गाळून इंग्रजी कविता घातल्या. तुमच्या हातातली स्वरलिपी याच घराण्यातली समजा.

शिवाय या वाद्यात शब्दांची सोय आहे. चँटरचं, म्हणजे बोटांनी चाल वाजवायच्या नळीचं, तोंड मांडीवरच्या चामड्यावर टेकवून सगळी भोकं बंद केली की त्याचा सूर तुटतो. स्कॉटिश पाइप्सवर हे जमत नाही. म्हणजे शब्द कुठे संपला ते वाजवून दाखवता येतं, पण आधी शब्द माहीत तर हवा.

हां, प्रत्येक चालीमागे गाणं असतंच असं नाही. जुना हार्पवादक कॅरोलन याच्या कितीतरी रचना मुळात हार्पसाठीच आहेत, तिथे शब्द शोधत बसू नका. गेलिक अस्खलित यायला हवं असंही मी म्हणत नाही. एक गाणं घ्या, अर्थ समजून घ्या, जो हीनीसारख्या शान-नोस, म्हणजे साथीशिवाय गायच्या जुन्या आयरिश ढंगाच्या, गायकांना ऐकून ते तोंडपाठ करा, मगच पाइप्स हातात घ्या. विली क्लॅन्सी स्वतः गायचा. शेमस एनिस गावोगाव फिरून गाणी टिपायचा. पाइप्समधली एवढी मोठी माणसं शब्दांच्या मागे लागली होती, यावर माझ्या मित्राकडे अजून उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर खाली लिहा. आणि संथ चालीला मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, लावू नका; ते लावा हाही त्याचाच सल्ला असतो.